घर रिकामे न करणारे सभासद

ठाण्यात पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीत सर्वांत शेवटी घर रिकामे करणारा सभासद कोण, याविषयी प्रत्येक सोसायटीचा आपापला अनुभव असतो. कुठे तळमजल्यावरचा दुकानदार अडून बसतो, कुठे चार भावांच्या नावावर असलेल्या आणि चौघांपैकी एकही राहत नसलेल्या घराची किल्ली सापडत नाही, तर कुठे करारातल्या चटईक्षेत्राचा आकडा वर्षभर भिंगातून तपासणारे निवृत्त लेखापाल शेवटपर्यंत पेन उघडत नाहीत. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत हा मान आमच्या घरच्या माशांनी मिळवला. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या, पुनर्विकासासाठीच्या सभा पार पडल्या, संमतिपत्रांवर सह्या झाल्या, तात्पुरत्या घराच्या भाड्याचे धनादेश वटले आणि पाणी तोडण्याची तारीख सूचनाफलकावर लागली. परंतु आमच्या बैठकीच्या खोलीतल्या तीन फुटी काचेच्या टाकीत राहणाऱ्या मंडळींना सर्वसाधारण सभेचा एकही ठराव मान्य नव्हता.

माशांना न पकडता टाकी तशीच उचलून नेता येणार नाही का, असे पुष्कळांनी विचारले. सामान हलवणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाने तर घराची पाहणी करतानाच, “पाण्यासकट उचलू ताई, चार पोरं लावतो,” असे उदार आश्वासन दिले. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन सव्वाशे किलो. त्यात तळाची वाळू, दगड, लाकूड आणि खुद्द काच मिळवली की त्या चार पोरांच्या कमरांची आणि आमच्या जिन्याच्या कठड्याची काळजी वाटू लागते. वजनाहून वाईट गोष्ट अशी की, टाकीच्या काचा एकमेकींना केवळ सिलिकॉनने चिकटवलेल्या असतात. टाकी सपाट जागी स्थिर असेल तर हे सांधे वर्षानुवर्षे टिकतात, पण भरलेली टाकी उचलताना एक कोपरा जरा वर गेला की काच पिळली जाते आणि मग दुसऱ्या मजल्यावरचे पाणी पहिल्या मजल्यावर उतरण्याचा जो प्रकार आमच्या इमारतीत एरवी गळतीमुळे सावकाश होत असे, तो एकदम होतो. तेव्हा टाकी रिकामी करणे, त्यासाठी मासे बाहेर काढणे आणि तेही जिवंत व धडधाकट काढणे एवढाच मार्ग उरला. यातला ‘जिवंत व धडधाकट’ हा भाग सोडला तर काम सोपे आहे.

मासे पकडण्याविषयी सर्वसामान्य माणसाची जी समजूत असते, ती दुकानात तयार झालेली असते. आपण बोट दाखवतो, दुकानातला मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता जाळी बुडवतो आणि पुढच्या क्षणी आपला मासा पिशवीत असतो. (तो आपण दाखवलेलाच असतो याची खात्री मात्र आजवर कोणालाही करून घेता आलेली नाही.) या सहजतेमागचे कारण त्या मुलाच्या मनगटात जेवढे आहे, त्याहून अधिक त्या टाकीत आहे. दुकानातल्या विक्रीच्या टाकीत झाड नसते, दगड नसतो, लाकूड नसते. तळ उघडा असतो आणि मासे दाटीवाटीने भरलेले असतात. आपण घरी आणून त्याच माशाला हौसेने लाकडाच्या ढोल्या, मातीची मडकी, पाणवनस्पतींचे रान आणि मुलांच्या आग्रहाखातर एक पडका किल्ला बांधून देतो. ही सर्व व्यवस्था त्याला सुरक्षित वाटावे म्हणून असते आणि त्याला ते खरोखरच वाटते, हे जाळी बुडवल्यावर कळते.

आमच्या टाकीतले रहिवासी असे होते: एंजल माशांची एक जोडी, एक मोतिया गुरामी, झेब्रा माशांचा एक थवा, दोन क्लाउन लोच आणि एक सकर. सकर आम्ही आणला तेव्हा तो बोटाच्या दोन पेरांएवढा होता आणि “काच साफ ठेवतो, बाकी काही त्रास नाही,” एवढीच त्याची ओळख दुकानदाराने करून दिली होती. हा मासा फूटभरापेक्षाही लांब वाढू शकतो, हे दुकानदार सांगत नाहीत आणि सकरही सुरुवातीला सुचवत नाही. पुढे त्याने काच साफ करणे सोडून दिले, मातीचे मडके ताब्यात घेतले आणि रात्री आम्ही झोपल्यावरच बाहेर पडू लागला.

मोहिमेच्या पहिल्या दिवशी यजमानांनी जाळी माझ्या हातात दिली आणि स्वतः चहा घेऊन समोर खुर्चीत बसले. ते वागळे इस्टेटमधल्या पंप बनवणाऱ्या कंपनीत आयुष्यभर नोकरी करत आले असल्यामुळे पाण्याविषयीची कोणतीही गोष्ट ते प्रथम समजावून सांगतात. त्यांचे पहिले म्हणणे असे की, मी जिथे जाळी नेत होते तिथे मासा नव्हताच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांश खोलीवर दिसते. म्हणजे बारा इंचांवरचा मासा नऊ इंचांवर भासतो आणि जाळी त्याच्या डोक्यावरून निघून जाते. वरून न पाहता समोरच्या काचेतून पाहावे, तर निराळी अडचण येते. मासा कोपऱ्यात गेला की तो पुढच्या काचेतूनही दिसतो आणि बाजूच्या काचेतूनही दिसतो, त्यामुळे एका गुरामीच्या दोन गुरामी होतात. “त्यातली डावीकडची खरी,” असे हे खुर्चीतून सांगत. त्यांची खुर्ची टाकीच्या डाव्या बाजूला होती, मी उजव्या बाजूला उभी होते आणि आम्हा दोघांच्या डाव्या बाजू लग्नापासूनच जुळत नाहीत.

दुसरे व्याख्यान वेगावर झाले. जाळी दुप्पट वेगाने ओढली तर पाण्याचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून आपण जितकी चपळाई करू तितकी जाळी जड होत जाते आणि मासा मात्र, त्याचे शरीर लाखो वर्षे याच कामासाठी घडत आल्यामुळे, निवांत पुढे सरकतो. जाळीची वीण बारीक असेल तर विरोध आणखी वाढतो आणि जाळीपुढे पाण्याची एक लाट चालू लागते, ती माशाला अलगद बाजूला ढकलून देते. वीण मोठी घ्यावी तर जाळी सरसर फिरते, पण तिच्या भोकांत परांच्या काड्या अडकून मोडतात. हे सगळे ऐकल्यावर मग काय करावे असे मी विचारले, तेव्हा यजमानांचा चहा संपला होता आणि त्यांना कंपनीतून फोन आला.

लेकीने जीवशास्त्राची बाजू सांभाळली. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत जी पुसट रेघ असते, ती पार्श्वरेषा. तिच्यातल्या सूक्ष्म संवेदी पेशींना पाण्यातली बारीकशी हालचालही कळते. म्हणजे पाठीमागून हळूच जाळी आणण्याची माझी सारी कुशलता वाया जात होती, कारण माशाला पाठ अशी नाहीच. शिवाय माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी नावाच्या दोन अवाढव्य चेतापेशी असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. धोका डावीकडून आला की डावी पेशी पेटते, उजव्या अंगाचे स्नायू एकदम आखडतात, मासा इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळतो आणि उलट दिशेला सुटतो. हे सारे सुरू व्हायला सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ पुरतो. माणसाला डोळ्यांनी पाहून हात हलवायला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो, आणि तो माणूस पन्नाशीचा असून त्याने वाचायचा चष्मा लावलेला असेल तर किती लागतो, हे पुस्तकात दिलेले नाही. या पेशींचा अभ्यास ज्या माशांवर पुष्कळ झाला आहे, त्यांत झेब्रा मासा अग्रभागी आहे, अशीही माहिती लेकीने पुरवली. जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा हा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला आहे, याचा मला अभिमान वाटायला हवा होता. पण तो थवा त्या वेळी माझ्या जाळीच्या दोन्ही बाजूंनी फुटून मागे पुन्हा एकत्र येत होता.

एवढ्यावर भागले असते तर एखादा धसमुसळा उपाय करून काम संपवता आले असते. परंतु माशाला पकडण्याइतकेच त्याला न दुखावण्याला महत्त्व असते आणि मासा दुखावतो फार सहज. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे जंतूंपासून संरक्षण करणारे चिलखत असते. कोरडा हात किंवा कोरडी, ताठर जाळी त्यावरून फिरली की तो थर खरवडला जातो आणि पुढे त्या जागी बुरशी किंवा जखम चिघळण्याचे भय राहते. म्हणून हात ओले हवेत आणि नवी जाळी आधी पाण्यात भिजवून मऊ केलेली हवी. मासा जाळीत आल्यावर तिला विजयाच्या आनंदात हवेत उंच धरायचे नसते, कारण कल्ल्यांचे नाजूक पडदे पाण्यावाचून एकमेकांना चिकटतात आणि अवतीभवती मुबलक हवा असूनही मासा गुदमरतो. जाळीचे तोंड हाताने मिटून ती पाण्यातच ठेवायची आणि भांडे तिच्याखाली आणायचे, ही खरी रीत.

या प्रकरणाला एक रासायनिक बाजूही आहे. मधमाश्यांच्या नृत्यभाषेचा उलगडा करणारे आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले की, काही माशांच्या कातडीला इजा झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याचा वास येताच बाकीचे जातभाई घाबरून लपतात. झेब्रा, लोच आणि सकर हे तिघेही या सवयीच्या मोठ्या गटात मोडतात. म्हणजे एकाला खरचटले की उरलेल्यांना लेखी नोटीस मिळाल्यात जमा असते. घाईघाईने केलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर पुढचा प्रयत्न अधिक कठीण का होतो, याचे एवढे सभ्य स्पष्टीकरण मला तोवर मिळालेले नव्हते.

दरम्यान, आमचे मासे निघत नाहीत ही बातमी इमारतभर झाली आणि ज्यांच्या घरी मासा फक्त ताटातच आला होता, अशा मंडळींचे सल्ले येऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, “तलावपाळीला नेऊन सोडून द्या, पुण्य लागेल,” असे सांगितले. एक तर सोडण्यासाठीही आधी पकडावे लागते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. दुसरे म्हणजे तलावपाळीच्या त्या मासुंद्याच्या तलावात परदेशी मासा सोडण्यात पुण्य काहीच नाही. सकरचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत. हौशी लोकांनी कंटाळून सोडून दिलेले हे मासे आपल्या देशात अनेक ठिकाणी मोकळ्या पाण्यात रुजले आहेत आणि पूर्व कोलकात्याच्या भेऱ्यांसारख्या, म्हणजे मासे वाढवण्याच्या तळ्यांसारख्या जागी त्यांच्या काटेरी अंगाने मासेमारांची जाळी फाटतात. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात ते तलाव उरलेत म्हणून. त्यांत आणखी सकरची भर नको, असे मी काकांना नम्रपणे सांगितले. त्यांनी मग उपवन तलावाचा पर्याय सुचवला.

कोणीतरी शीतपेयाच्या बाटलीचा सापळा करायला सांगितले. बाटलीचे तोंड गळ्यापासून कापायचे, उलटे करून त्याच बाटलीत बसवायचे, आत खाद्य टाकायचे आणि बाटली टाकीच्या तळाशी ठेवून वाट पाहायची. लहान आणि हावऱ्या माशांच्या बाबतीत हा उपाय खरोखर चालतो. आमच्याकडे सापळ्यात गुरामीने केवळ डोके घातले, कारण बाकीची गुरामी त्या तोंडातून मावत नव्हती, आणि डोके आत असताना तिने सगळे खाद्य खाऊन टाकले. स्थलांतराच्या आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवावे म्हणजे प्रवासातले पाणी खराब होत नाही, या नियमाचा त्यामुळे तिच्यापुरता भंग झाला.

रात्री मासे सुस्त असतात, अंधारात पकडावेत, हा सल्ला अधिक विचारपूर्वक दिलेला होता आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. दिवा बंद करून तासाभराने पाहिले तर एंजलचे काळे पट्टे फिके पडलेले असतात आणि झेब्रे तळाशी जागच्या जागी तरंगत असतात. मात्र त्यांना आपण दिसत नाही तसे आपल्यालाही ते दिसत नाहीत. विजेरी लावावी तर माशाला पापण्या नसल्यामुळे एकदम पडलेला झोत त्याला सहन होत नाही आणि तो बेभान होऊन काचेवर आदळतो किंवा पाण्याबाहेर उडी मारतो. झेब्रा या कलेत विशेष निष्णात आहे. मध्यरात्री विजेरी दातांत धरून, एका हातात जाळी आणि दुसऱ्या हातात टाकीचे झाकण घेऊन मी उभी असताना सासूबाई पाणी प्यायला उठल्या. त्यांनी आधी देवाचे नाव घेतले आणि मग माझे घेतले. रात्रीची मोहीम तिथेच आटोपली.

सासूबाईंचा या स्थलांतराला मुळातच विरोध होता, कारण त्याच आठवड्यात एंजलच्या मादीने टाकीतल्या गाळणीच्या उभ्या नळीवर अंडी घातली होती. एंजलची जोडी आधी अशी उभी जागा निवडून ती तोंडाने स्वच्छ करते, तिच्यावर ओळीने अंडी लावते आणि मग दोघे आळीपाळीने परांनी वारा घालत पहारा देतात. हे दृश्य पाहून सासूबाई हेलावल्या होत्या. “बाळंतिणीला असं हलवतात का गं कुणी? तुमचा बिल्डर आठ दिवस थांबू शकत नाही?” असे त्यांनी विचारले. बिल्डर थांबला असता की नाही हे पाहण्याची वेळच आली नाही. वरचेवर जाळी बुडत असल्यामुळे अस्वस्थ झालेल्या त्या आईबापांनी दुसऱ्या दिवशी सगळी अंडी खाऊन टाकली. एंजल तसे करतात. सासूबाईंना मात्र पिल्ले गाळणीत गेली आहेत आणि गाळणी आपण सोबत नेणार आहोत, असे सांगण्यात आले. त्यातले दुसरे विधान खरे होते.

शेवटी मार्ग दाखवला तो चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींनी. सासूबाई वर्षानुवर्षे त्यांच्याकडून बोंबील आणि जवळा घेतात. घरातल्या एंजलसाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सासूबाई बोंबलांवर रवा थापताना अजिबात कचरत नाहीत, पण तो विषय आमच्या घरात काढला जात नाही. बोंबील निवडता निवडता त्यांनी सुनेची कहाणी सांगितली आणि मी बाजूलाच पिशवी धरून उभी होते. मावशींनी हसू आवरले नाही.

“जालं घेऊन मासलीच्या पाठी धावतंस?” त्यांनी मला विचारले. “मंग ती पलनारच.”

मग त्यांनी कोयता बाजूला ठेवून डोलीचे जाळे समजावून सांगितले. डोल हे कोणाच्या मागे लागत नाही. समुद्रात खुंट ठोकून किंवा भक्कम आधाराला बांधून ते प्रवाहाच्या तोंडासमोर उघडे ठेवतात. रुंद तोंड आणि मागे निमुळती होत गेलेली लांब पिशवी एवढाच त्याचा आकार. भरती-ओहोटीचे पाणी वाहते आणि पाण्याबरोबर बोंबील, जवळा आपापल्या पायांनी, म्हणजे बोंबील तर पायांशिवायच, आत येतात. सगळी हालचाल पाण्याने करायची आणि जाळ्याने काही करायचे नाही. यजमानांची वेगावरची आणि लेकीची चेतापेशींवरची दोन्ही व्याख्याने मावशींनी ऐकलेली नव्हती, पण दोन्हींचे उत्तर त्यांच्याकडे होते. माशाहून वेगवान होता येत नसेल तर हलायचेच नाही.

घरी येऊन मी प्रथम टाकीतले सामान बाहेर काढले. मडके तेवढे राहू दिले, कारण त्यात मालक हजर होता. किल्ला, दगड, लाकूड, झाडे सगळे गेले आणि तोवर रानात लपलेले झेब्रे उघड्यावर आले. मग रबरी नळीने पाणी ओढून दोन स्वच्छ बादल्यांत साठवले, कारण नव्या घरी तेच पाणी उपयोगी पडणार होते. टाकीत जेमतेम पाच-सहा इंच पाणी उरल्यावर माशांना वर पळण्याचा मार्ग राहिला नाही. सर्वांत मोठी जाळी एका कोपऱ्यात काचेला टेकवून उभी धरली आणि ती हलवायची नाही अशी शपथ घेतली. दुसऱ्या हाताने लहान जाळी, तीही अगदी संथपणे, दुसऱ्या टोकाकडून सरकवत आणली. ती कोणाला पकडण्यासाठी नव्हती. फक्त पाण्याला थोडी दिशा देण्यासाठी होती. लहान जाळी पाहून झेब्र्यांचा थवा शहाणपणाने वळला, मोठ्या आणि स्थिर, अतएव निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीच्या आडोशाला गेला आणि तिथे तिच्या पोटात शिरला. सगळेच नाही, पण बहुतेक. मी कितीतरी वेळ जाळी उचललीच नाही, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

एंजलसाठी जाळी वापरलीच नाही. त्यांचे उंच पर आणि खालचे लांब तंतू विणीत अडकले की फाटतात, म्हणून स्वयंपाकघरातला पारदर्शक प्लास्टिकचा जग आडवा करून पाण्यात बुडवला आणि हाताच्या पंजाने त्यांना तिकडे वळवले. पारदर्शक भिंत माशाला फारशी भिंत वाटत नाही. गुरामी तर खाद्य मिळेल या आशेने स्वतःहून आली. लोचला मात्र जाळी दाखवणेही धोक्याचे, कारण त्याच्या डोळ्याखाली एक दुभंगलेला काटा असतो. एरवी तो मिटलेला राहतो, पण घाबरला की लोच तो उघडून अडकवून ठेवतो आणि मग जाळी कापल्याशिवाय दोघांची सुटका होत नाही. आमच्या दोन लोचांपैकी एक संकट आल्यावर सरळ कुशीवर पडून राहिला. या माशाला मेल्याचे सोंग घेऊन झोपण्याची खोडच आहे, हे मला माहीत होते. सासूबाईंना माहीत नव्हते. त्यांची समजूत घालण्यात जो वेळ गेला, त्यात तो उठून दुसऱ्या लोचाशेजारी जाऊन पुन्हा आडवा झाला, तेव्हा दोघांना एकाच डब्यात उचलता आले.

राहिला सकर. मी मडके तिरपे केले, सकर बाहेर आला नाही. मडके उलटे केले, तरी आला नाही. हा मासा आपल्या पाठीवरचा पर उभा करतो, छातीजवळच्या परांचे जाड काटे आडवे ताणून जागच्या जागी अडकवतो आणि असा काही रुतून बसतो की, ओढाल तर त्याचे पर मोडतील पण तो हलणार नाही. त्याच काट्यांवर बारीक दातेरी कुसळे असल्यामुळे जाळीतही तो गुंततो. यजमानांनी मडक्यात काठी घालावी असे सुचवले. मी मडक्यासकट त्याला पाणी भरलेल्या बादलीत ठेवले आणि वर झाकण लावले. पोटात हवा ओढून तिच्यावर बराच काळ श्वास चालवता येणाऱ्या माशाला एका टेम्पोच्या प्रवासाचे काय वाटणार होते? घरातल्या सगळ्या सभासदांत आपल्या राहत्या जागेसकट स्थलांतर करण्याचा करार त्या एकट्यानेच पदरात पाडून घेतला.

पुढचा प्रवास लांबीने थोडका आणि वेळेने मोठा झाला. नौपाड्यातून घोडबंदर रस्त्यावरच्या भाड्याच्या घरी जायचे म्हणजे माजिवडा आणि कापूरबावडी ओलांडायची, मेट्रोच्या खांबांखालून वाट काढायची आणि मानपाड्याच्या सिग्नलला थांबून आयुष्याचा विचार करायचा. माशांच्या पिशव्यांत म्हणूनच एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा ठेवली होती. गाळणीतला स्पंज टाकीच्या पाण्यात ओला ठेवला होता, कारण माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात राहतात आणि स्पंज वाळला की ते मरतात. टेम्पोचालक प्रत्येक खड्ड्यानंतर मागे वळून, “ताई, आहेत ना?” असे विचारत होता. त्याच्या मनात शोकेसचा विचार होता की माशांचा, हे मी विचारले नाही.

नव्या घरी पाणी टँकरचे निघाले. त्यात क्लोरिन उतरवणारे थेंब टाकून, सोबत आणलेले जुने पाणी मिसळून, टाकी पुन्हा उभी करेपर्यंत संध्याकाळ झाली. पिशव्या आधी टाकीत तरंगत ठेवल्या, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचे तापमान सारखे होते. नंतर मासे पिशव्यांतून एका बादलीत ओतून टाकीतले पाणी त्यांच्यावर थोडे थोडे चढवले. प्रवासात गढूळलेले पिशवीचे पाणी टाकीत जाऊ द्यायचे नसते. म्हणजे मासे बादलीतून पुन्हा एकदा जाळीनेच उचलायचे होते. मी दिवसभराच्या श्रमाने भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा यजमानांनी बाह्या सरसावल्या आणि, “आण इकडे, मी करतो,” असे म्हणून जाळी हातात घेतली.

बादलीत झाड नव्हते, दगड नव्हता, लपायला कोपराही नव्हता. मासे दाटीवाटीने होते आणि पाणी चार बोटे होते. यजमानांनी जाळी बुडवली आणि काढली, बुडवली आणि काढली. चहा निवण्याच्या आत टाकी भरली. मडके त्यांनी टाकीत ठेवले, तेही एकाच प्रयत्नात. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगतात की, एवढे मासे पकडायला आम्हाला दहा मिनिटे लागली आणि बायका उगीच घाबरतात. त्यांच्या वाक्यातला एकही शब्द तसा खोटा नाही, म्हणून मला मध्ये बोलता येत नाही.

गेल्या महिन्यात समोरच्या घरातले गृहस्थ आले. त्यांच्याकडे पाच फुटांची टाकी आहे, तीत झाडांचे रान आहे, मधोमध लाकडाचा ओंडका आहे आणि त्यांना फरशा बदलायच्या आहेत. यजमानांची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. यजमान ताबडतोब तयार झाले आणि, “अगं, ती जाळी दे जरा,” असे त्यांनी मला आत येऊन सांगितले. मी त्यांना लहान जाळी दिली. मोठीबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून मीही काही बोलले नाही.